सलग समतल चर

टेकडीवर चुन्याच्या रेघा मारल्या तेव्हा
दोरीचं एक टोक माझ्या हातात होतं,
दुसरं बाबाच्या.
ए-फ्रेम टेकवत टेकवत साहेब पुढे
आणि बाबा मागून,
"इथून न्या रेघ. पाणी इथून जाते."
फ्रेमचंही शेवटी तेच म्हणणं निघालं.

दोन फूट रुंद, एक फूट खोल.
अख्खा उन्हाळा सावरटोला खोदत राहिला.
मुरूम असा की टिकावाखाली ठिणग्या.
त्या मजुरीतून आमच्या घरावर पत्रे आले,
माझी बारावीची फी गेली,
मायच्या कानात पहिल्यांदाच पिवळं काहीतरी दिसलं.
हे आधी सांगते,
नंतरचं सांगताना विसरायला नको.

मग ग्रामसभा. चराईबंदी, पाच वर्षं.
ज्यांची वावरं टेकडीखाली
त्यांचे हात आधी वर गेले,
मग त्यांच्याकडे मजुरीला जाणाऱ्यांचे.
बाबानं खांद्याएवढा केला.
ठराव वाचणारी, समितीची नवी सचिव,
त्याचीच पोरगी होती.

झिबल नेवारे, गावचा गायकी.
घरटी पायलीभर धान, दिवाळीला धोतर,
गायगोधनाला ढालीचा मान.
त्याच्या एका हाकेवर
गल्लीगल्लीत दावी सुटायची.
आता लोक म्हणाले, झिबलभाऊ, चारशील कुठं?
गाई विकल्या गेल्या. जर्सी आल्या,
गोठ्यातच खातात, हाक त्यांना कळत नाही.
आमच्या अकरा बकऱ्या देवलापारच्या बाजारात गेल्या.
एक राहिली, गाभण होती म्हणून.

विहिरी भरल्या. खोटं कशाला बोलू?
शेंड्यांच्या विहिरीला मार्चमध्ये दोन परस पाणी.
धानानंतर हरभरा, हरभऱ्यानंतर मिरची.
आम्हाला वावर नाही,
आमच्या वाट्याला मायची वाचलेली खेप आली,
रोजची दोन मैलांची.
त्या वाचलेल्या वेळात
माय शेंड्यांची मिरची तोडते.

नागपूरहून मूल्यमापनाला आलेल्या बाई
माझ्या वहीवर खूश झाल्या.
'लाभार्थी' रकान्यात एकशे बारा कुटुंबं,
आमचंही धरून.
बाबानं त्यांना गवतं दाखवली.
हा पवन्या, हा शेडा, ही मारवेल,
आन हे कुसळ, पिकलं का बकरीच्या ओठात शिरते.
बाईंनी लिहिलं: गवत, मध्यम.

पुढे त्याला राखणदार केलं.
शिट्टी दिली, खाकी टोपी दिली.
चाळीस वर्षं जिथं जनावरं चढवली
तिथून आता ती उतरवायची.
पैसे दहा महिने आले, मग निधी संपला.
टोपी राहिली. बाबा जातच राहिला.
सवय म्हणून की राखण म्हणून,
मी विचारलं नाही.

पौषातल्या एका संध्याकाळी आला
तेव्हा सदरा पोटाशी फुगलेला होता.
बकरीपुढे मोकळा केला. पवन्या, अर्धा वाळलेला.
मी वही मिटत होते.
"लिही," म्हणाला.
"काय?"
"एक कवळा गवत. झिबल नेवारे. दंड एकावन."
"बाबा, एवढ्याशासाठी..."
"लिही ना वो बाई. नाही तं उद्या
शेवंतीच्या डोक्यावरचा भारा
कोन्त्या तोंडानं उतरवशील?"

पावती फाडली.
त्यानं कनवटीची पन्नासची नोट उलगडली,
रुपया मायकडून मागून घेतला.
कार्बन नीट लागला नव्हता,
खालच्या प्रतीवर नाव उमटलंच नाही,
नुसता आकडा.

बकरी खात होती.
बाबा टोपी काढून
तिच्या ओठातली कुसळं वेचत बसला.